चौथा खांदा

१४ मार्च

क्विंतो,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नव्हे.

तुझं पाकीट काल मिळालं. चांगलं जाड होतं. आर्जियाला वाटलं, भावाने नातवंडांचे फोटो पाठवले. उघडलं तर फोटोच निघाले. तुझ्या गाडीची पाठ, वेशीखालून आत जाताना. पुन्हा तुझ्या गाडीची पाठ, पुन्हा आत जाताना. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा. प्रत्येकाला नगरपालिकेचा वेगळा कागद, वेगळा दंड. आणि सगळ्यांत वरच्या फोटोच्या मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ: 'पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवता येत नसेल तर त्यांना बोलावू नये.'

पाहुणे! सत्तरी गाठलेला माणूस, ज्याचं नाव या घराच्या जिन्याखाली खिळ्याने कोरलेलं आजही दिसतं, तो सख्ख्या भावाला लिहितो 'पाहुणे'. ते वाचून मी पाकीट चुलीत घालणार होतो. आर्जियाने हात धरला.

तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. मी मुद्दाम सांगितलं नाही, खिडकीत बसून मजा बघत राहिलो, असंच ना? अरे, वेशीवर चादरीएवढी पाटी आहे. गावात राहणाऱ्यांखेरीज कुणी गाडी आत आणू नये, असं चार भाषांत लिहिलंय, आणि त्यातल्या दोन तुला उत्तम येतात. पाठीवर पिशव्या घेतलेली परदेशी पोरं ती पाटी वाचून भाड्याची गाडी गुमान मागे वळवतात. आणि तू आर्जियाला फोनवर काय म्हणालास? 'पाट्या परक्यांसाठी असतात.'

एवढं मात्र खरं, की तू याच गावचा असल्याचा पुरावा याहून पक्का देता आला नसता. इथं जन्मलेल्या एकाही माणसाने वेशीवरची पाटी कधी वाचलेली नाही. 'सायकलवरून उतरून चाला' ही पाटी बाबांनी जन्मभर सायकलवर बसूनच पाहिली.

तू गाडी का आणलीस तेही मला ठाऊक आहे. फोटोत ती खुर्ची दिसते. मागचं दार उघडं, तिचे पाय दोरीने बांधून बाहेर काढलेले, बाजाराला नेलेल्या कोकरासारखे. नोव्हेंबरच्या पावसात ते धूड खालच्या मैदानापासून वर चढवणं शक्य नव्हतं, कबूल. पण मग तू स्क्रू विसरलास. ते आणायला खाली, पुन्हा वर. मग आर्जियाचं औषध. मग तुला ताजा पाव हवा झाला. अरे, पाव आणायला गाडी? बेकरी वेशीच्या बाहेर लागूनच आहे. तुमच्या त्या स्वित्झर्लंडात पायांचं काय करतात, पेटीत घालून ठेवतात का?

पूर्वी वेशीत जकातीचा शिपाई बसायचा. दारूच्या वासाचा, लाचखाऊ, पण माणूस होता. त्याला सांगता आलं असतं, बाबा रे, बहिणीला पाठ टेकून बसता येत नाही, तिच्यासाठी खुर्ची आणलीय. आता तिथं कॅमेऱ्याचा डोळा बसवलाय. त्याला सांगायची सोय नाही. तो माणसाचं तोंड बघतच नाही, पाठ बघतो.

कागद परत पाठवतोय. तुझे तू बघ.

आर्जिया बरी आहे. थोडा खोकला आहे, मार्चमध्ये कुणाला नसतो?

नेनो

२ एप्रिल

क्विंतो,

काल नगरपालिकेत जाऊन आलो. तुझ्यासाठी गेलो असं समजू नकोस. मला माझ्या गाडीच्या पासाचं विचारायचं होतं. गाडी विकून बरीच वर्षं झाली हे तुला माहीत आहे, तरी पास असलेला बरा.

काउंटरपाशी एक तरुण मुलगी होती, निळ्या नखांची. स्वभावाने वाईट नव्हती, तेच जास्त लागलं. शिव्या द्यायलाही समोरच्याची थोडी मदत लागते. मी सहज विषय काढावा तसा तुझा विषय काढला.

ती म्हणाली, "काका, ते तुमच्या घरी राहतात का?"

"त्याच घरात जन्मला."

"आता राहतात का?"

"आता नाही."

"मग ते पाहुणे."

"भाऊ आहे माझा."

"पाहुण्यांत भाऊही येतात, काका."

मग तिनं मला प्रेमाने समजावलं. तू हॉटेलात उतरला असतास, तर हॉटेलवाल्याने तुझ्या गाडीचा नंबर कळवला असता आणि डोळ्याने तुला सुखाने आत सोडलं असतं. हॉटेल म्हणजे कुठलं, तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी मठ होता ना, जिथल्या बायका आपल्याला उकडलेले चणे द्यायच्या, ते. आता तिथं लोक भिंतीच्या जाडीचे पैसे देऊन झोपतात.

मी तिला विचारलं, "म्हणजे परक्याच्या पलंगावर पैसे मोजून झोपला तर तो सभ्य माणूस, आणि आईच्या पलंगावर फुकट झोपला तर चोर?"

"नियम मी केले नाहीत, काका." तिनं थोडा विचार केला. काहीतरी चांगलं आठवल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "लग्न असेल तर नंबर देता येतात. आणि अंत्ययात्रेला पण. शववाहिनीच्या मागून येणाऱ्या गाड्यांना आम्ही काही करत नाही."

मी टोपी तिथंच विसरून आलो. आणायला परत गेलो नाही.

घरी येताना वेशीखाली थांबलो. मला, तुला माहीतच आहे, अशा वेळी एर्सिलियाबाईंची कविता आठवते. पुस्तकातली नव्हे, त्यांनी स्वतः आपल्या वर्गासाठी रचलेली:

वेशीला आपल्या दार नाही, दाराला कडी नाही,
उन्हात आल्या पावलांना सावली थोडी नाही;
दूर गेला तो परत येई, दिवा राहतो जागा,
पुसत नाही कुणी तयाला, 'कोण, कुठला, का गा?'

तू चौथ्या ओळीला दर वेळी अडकायचास. मी वरच्या वर्गातला, बाहेरच्या खिडकीत उभा राहून ओठ हलवायचो आणि तू माझ्याकडे बघत म्हणायचास. पुढे मी त्याच शाळेत शिपाई झालो. तीन पिढ्यांच्या पोरांनी म्हटलेल्या कविता दाराबाहेर उभा राहून ऐकल्या. पण एर्सिलियाबाई गेल्यावर ही कुणी शिकवली नाही. बरंच झालं म्हणायचं. आज कुठल्या तोंडाने पोरांनी म्हणायची? 'पुसत नाही कुणी तयाला.' खरंच पुसत नाही. मुकाट्याने फोटो काढतात आणि चार महिन्यांनी घरी पाठवतात.

एक गोष्ट मात्र सांगतो, रागावलेल्या माणसानेही खोटं बोलू नये. गाड्या बंद झाल्यापासून चौकातल्या कारंज्याचा आवाज थेट आपल्या खिडकीत येतो, आपल्या लहानपणी यायचा तसा. आर्जिया तो ऐकत पडून असते. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो.

खोकला आहे तसाच आहे.

नेनो

२३ एप्रिल

क्विंतो,

तुझं कार्ड मिळालं. वर बर्फाचा डोंगर, मागे तुझ्या दोन ओळी. त्या डोंगराहून गार.

मे महिन्यात उत्सवाला येणार नाहीस, वेशीत पुन्हा पाऊल टाकणार नाहीस अशी शपथ. ठीक. 'दांडीवरची माझी जागा कुणालाही द्या.' हे ठीक नाही. हे लिहिताना तुझा हात झडला कसा नाही?

कुणालाही द्या म्हणे! ती काय बसमधली सीट आहे? संताच्या पालखीची मागची डावी बाजू आपल्या आज्याची, मग बाबांची, मग तुझी. तू परदेशात बोगदे खणत होतास आणि सुट्टी मिळायची नाही, तेव्हाही ती जागा कुणाला दिली नाही. रिकामी जागा रिकामीच चालली. तिचा भार पुढे मी घेतला, मध्ये सेत्तीमिओने घेतला, आणि दांडीवर तुझी खांद्याची उशी बांधलेली असायची. गावातली म्हातारी माणसं त्या उशीला टोपी काढून रामराम करायची. कुणी विचारलं नाही की हा पाहुणा कोण.

तू म्हणशील, चाळीस उत्सवांत मी आलो, एकदा वेशीवर अपमान झाला तर मला राग येऊ नये? यावा ना. मलाही आलाय. पण तू चुकीच्या माणसावर रागावलायस. त्यातून डोळ्याला तू कधी भेटलाच नव्हतास. उत्सवाच्या दिवसांत बिशपसुद्धा खालच्या मैदानात गाडी लावून धापा टाकत वर येतो. तू आयुष्यात त्या एका मुक्कामातच दारापर्यंत गाडी आणलीस, तीही दुसऱ्यासाठी, आणि तेवढ्यातच सापडलास. यात माझा काय गुन्हा आहे ते मला सांग. मी स्वतः डोळा झालो असतो तर डोळा मिटून घेतला असता.

समोरच्या इवोन्नेने एक तोड काढली. ती आता वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. माझ्या डोळ्यांदेखत शाळा शिकलेली पोर, मला अजून काकाच म्हणते. म्हणाली, "नेनोकाका, मी क्विंतोकाकाला माझ्याकडे उतरलाय असं कळवते. नंबर जाईल. मला पैसे नकोत, तुम्ही फक्त सकाळी मी खिडकी पुसताना माझ्यावर ओरडणं बंद करा."

मी तिला हाकलून दिली. माझा भाऊ, आमच्या गल्लीत, समोरच्या घरातलं गिऱ्हाईक म्हणून नोंदवायचा? आपल्या घरी यायला परक्याच्या घरातून वाट? मेलो तरी नाही.

हे सगळं आर्जियाने पलंगावरून ऐकलं. मला बोलावलं. तुझं कार्डही तिनं वाचलं होतं, ते मी तिच्या उशाखाली ठेवायला नको होतं, पण तिला तुझं अक्षर हवं असतं.

ती म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच घाण्याची दोन गाढवं. एकाला मान हवा, दुसऱ्याला त्याहून जास्त. मधे मी जगतेय का मेलेय, कुणी बघितलं का?"

मी म्हटलं, "मी रोज बघतो."

"तू पत्रं लिहितोस."

मग तिनं चमचा फेकला. पूर्वी तिचा चमचा दारापर्यंत जायचा. आज पलंगाच्या कडेलाच पडला.

आणि तरीही, क्विंतो, दुपारी मी पाहिलं तर ती तुझी खांद्याची उशी उसवत बसली होती. दर वर्षी एप्रिलमध्ये उसवते तशी. जुनी लोकर काढून पिंजायची, धुतलेली नवी भरायची, कडेला लाल टाका घालायचा. माझी तिनं केव्हाच करून ठेवली होती. तुझी हातात घेतली आणि लोकर मांडीवर सांडली. बोटं वळत नाहीत आता. मी करू का म्हटलं तर म्हणाली, "तुझा टाका म्हणजे कुत्र्याचा चावा."

तिचा पलंग खिडकीपाशी सरकवलाय. डॉक्टर आता आठवड्यातून दोनदा जिना चढतो. चढू दे, तरुण आहे.

नेनो

५ मे

प्रिय क्विंतो,

('प्रिय' आर्जियाने घालायला लावलं. ती शेजारी बसून मी काय लिहितो ते बघतेय, म्हणजे बघतेय असं म्हणते. आता तिला झोप लागलीय, म्हणून पुढचं लिहितो.)

खोकला मार्चमधला नव्हता. डॉक्टर मागेच जिन्यात माझ्याशी बोलला, पलंगापाशी नाही. मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण तिचं नाव सांगून तुला ओढून आणल्यासारखं झालं असतं, आणि मला तू माझ्यासाठी यायला हवा होतास. हा माझा हट्ट. तू तुझ्या हट्टाची गोष्ट काढू नकोस, मी माझ्या काढणार नाही.

तिला एकच हवंय. आपण दोघं एका टेबलावर, आणि मधे ती. उत्सवाच्या आदल्या रविवारी.

मी पुन्हा त्या निळ्या नखांच्या मुलीकडे गेलो होतो. खरं सांगतो, या वेळी तुझ्यासाठीच गेलो होतो, आणि मागच्या वेळीही. ती म्हणाली, बहिणीच्या आजाराचा दाखला आणा, मग एका गाडीला परवानगी मिळू शकेल. दाखला देणारे सरकारी डॉक्टर खालच्या नव्या गावात बसतात, पेशंटला घेऊन या म्हणतात. पेशंटला न्यायला गाडी दारापर्यंत यायला हवी. गाडी दारापर्यंत यायला दाखला हवा. मी तिच्या काउंटरवर हात आपटला. तिनं कपाटातून माझी टोपी काढून दिली, महिनाभर जपून ठेवलेली. अशा लोकांवर धड रागावताही येत नाही.

घरी येऊन मी आर्जियाला सांगितलं की जमत नाही, आणि क्विंतो वेशीतून आत पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेऊन बसलाय. ती कारंजं ऐकत होती. म्हणाली, "तो वर येत नसेल तर मला खाली न्या."

"कशी नेणार?"

"त्यानं खुर्ची कशाला आणलीय?"

पालखीच्या आपल्या जुन्या सोबत्यांना, सेत्तीमिओला आणि लीवियोला, बोलावलं. दोघांनी तुझ्या खुर्चीभोवती प्रदक्षिणा घातली, तिचे हात ओढून पाहिले. सेत्तीमिओ म्हणाला, खुर्ची भक्कम आहे, स्वित्झर्लंडची असली तरी. दोन्ही हातांखालून दांड्या घातल्या की झाली पालखी. पण दांड्या कुठल्या? लाकडी खांब सगळे लवतात. लवत नाहीत त्या फक्त संताच्या.

पाद्री कालिस्तोकडे गेलो. तो म्हणाला, "त्या दांड्या संताखेरीज कुणासाठी बाहेर निघालेल्या नाहीत. युद्धात जखमींसाठीसुद्धा नाहीत."

सेत्तीमिओ म्हणाला, "फादर, संताला मरून आठशे वर्षं झाली. त्याला घाई नाही. तिला आहे."

पाद्री बराच वेळ मेणबत्त्या सरळ करत राहिला. मग त्यानं कोठीची किल्ली तीर्थाच्या दगडी भांड्याच्या कडेवर ठेवली, "मी कॉफी प्यायला चाललोय" म्हणाला आणि निघून गेला. कॉफीच्या दुकानातून त्यानं आख्ख्या चौकाला सांगितलं, की त्याला काहीच माहीत नाही.

तेव्हा आता नीट वाच, पाटीसारखं वाचू नकोस.

रविवारी दुपारी, खालच्या मैदानात, परक्यांच्या बसेस लागतात त्याच्या अलीकडे, तुतीच्या पहिल्या झाडाखाली आम्ही टेबल मांडतोय. तिथं गाडी लावायला सगळ्यांना मुभा आहे, तुलाही. इवोन्ने कोवळे वाल आणि मेंढीच्या दुधाचं चीज आणणार आहे. मी तिची माफी मागितली, खिडकीबद्दल नाही, बाकीच्याबद्दल. आर्जिया मला बडीशेपेची कडबोळी करायला शिकवतेय, पलंगावरून, शिव्या देत. पहिला घाणा सेत्तीमिओच्या कुत्र्यानेही खाल्ला नाही.

तू शपथ मोडायची नाहीस. वेस वर आहे, मैदान खाली. आम्ही येतो तुझ्याकडे.

उतरताना पुढे सेत्तीमिओ आणि लीवियो, मागे उजवीकडे मी. मागच्या डाव्या टोकाला इवोन्नेचा जावई घेतलाय. रोमचा आहे, पालखी आयुष्यात उचललेली नाही, पण उताराला चालेल. जेवणानंतर मात्र तो नसेल, त्याला कुठल्या तरी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जायचंय. आणि चढ, तुला आठवतो. वेशीखालचा तो वळणाचा चढ, जिथं सगळा भार मागच्या डाव्या खांद्यावर येतो. तीन म्हाताऱ्यांना तो जमायचा नाही. माझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. हे आर्जियाला सांगू नकोस. तिला माहीत आहे, पण मी तिला सांगितलेलं नाही.

मी तिला म्हटलं, क्विंतो आलाच नाही तर? वर कशी आणायची तुला?

ती म्हणाली, "आला नाही तर मी खालीच बसेन."

तू तिला ओळखतोस. ती बसेल. संध्याकाळी बसेस जातील, मैदान रिकामं होईल, आणि तुझ्या खुर्चीवर तुतीखाली ती बसलेली असेल, रस्त्याकडे तोंड करून.

त्या मुलीने मला जे सांगितलं होतं ते मी रोज आठवतो. शववाहिनीच्या मागून येणाऱ्या गाड्यांना कुणी काही करत नाही. तेव्हा तुला थाटात येता येईल, दारापर्यंत, दंडाशिवाय. पण तसा आलास तर दार मी उघडणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो. त्या कामाला चार खांदे गावात कुठलेही मिळतात. या कामाला मिळत नाहीत.

तुझी उशी भरून झाली. तिनं स्वतः भरली, तीन दिवस लागले, लाल टाका वाकडा आलाय. त्याबद्दल तिच्यासमोर बोललास तर मी तुला मैदानातच मारीन. मागच्या डाव्या टोकाला ती बांधून खाली आणतो. वर जाताना तिच्याखाली तुझा खांदा हवा.

वेशीतून दांडी खांद्यावर घेऊन जाशील तेव्हा डोळा काय करायचा ते करू दे. चालत्या माणसाच्या पाठीवर नंबर नसतो. आणि एर्सिलियाबाईंची चौथी ओळ तुला याही वेळी आठवणार नाही. मी तुझ्या उजवीकडेच असेन, ओठ हलवीन.

येताना काही आणू नकोस. खांदा आण.

नेनो